कोलोस्टॉमी बंद करायचं ऑपरेशन "छोटंसंच" असतं, हा गैरसमज

कोलोस्टॉमी म्हणजे मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर काढून शौच पिशवीत जमा होऊ देणं. ती बंद करून पिशवी निघाली की सगळं पहिल्यासारखं, हे इतकी वर्षं फिरतंय की पेशंट बेसावध राहतात आणि मग घाबरून जातात, म्हणून हे लिहितेय.

लूप कोलोस्टॉमी (आतड्याचा वळसाच पोटावर आणलेला, दोन्ही तोंडं एकाच जागी) असेल तर बंद करणं त्यामानाने सोपं, पण हार्टमन ऑपरेशन (आतड्याचा खराब भाग काढून वरचं टोक पोटावर आणलेलं, खालचं आत बंद करून ठेवलेलं) झालेलं असेल तर पोट परत उघडून किंवा दुर्बिणीतून आतड्याची दोन टोकं शोधून जोडावी लागतात, म्हणजे ते मोठंच ऑपरेशन झालं. सगळ्यात गंभीर धोका जोड लीक होण्याचा, बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन आठवड्यांत. ताप, वाढत जाणारी पोटदुखी, पोट फुगणं, उलट्या, छातीत धडधड असं काही वाटलं तर "गॅस असेल" म्हणून घरी बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा! जखमेत पू होणं किंवा आतडी काही दिवस सुस्त पडणं जास्त कॉमन आहे आणि ते सहसा आवरतं. पिशवीच्या जागी पुढे हर्निया होऊ शकतो, म्हणून सर्जन सांगतील तोवर जड उचलू नका.

आणि जे कोणी आधी सांगत नाही ते म्हणजे शौचाचं. रेक्टमचा (गुदाशय, मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग) भाग काढलेला असेल तर दिवसात अनेकदा जावं लागतं, घाई होते, कधी कपड्यात होतं, त्वचा सोलवटते. यात लाजण्यासारखं काहीच नाही, सुधारायला महिने लागतात, कधी वर्ष-दोन वर्षंही, आणि काहींना थोडा त्रास राहतोच. बॅरियर क्रीम (त्वचेवर संरक्षक थर देणारं), पेल्विक फ्लोअरचे व्यायाम (ओटीपोटाच्या तळाचे, शौच रोखणारे स्नायू आवळण्याचे), औषधं यांनी बराच फरक पडतो, फक्त डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.