शहरी लढाईचे डायोरामा : ती कोपऱ्यातली पडकी भिंत आली कुठून

दुसऱ्या महायुद्धातल्या शहरी लढाईचा डायोरामा, म्हणजे छोट्या प्रतिकृतींनी मांडलेला देखावा, म्हटलं की बहुतेक वेळा एकच चित्र समोर येतं. काटकोनात उभ्या दोन पडक्या भिंती, वरच्या मजल्याची लोंबणारी तुळई, खाली विटांचा खच, त्यातून वाट काढणारा एक रणगाडा आणि आडोशाला दबा धरून बसलेले चार-पाच सैनिक. शहर स्टालिनग्राड असो, बर्लिन असो नाहीतर इटलीतलं ओर्तोना, कोपरा तोच. हा कोपरा इतका पक्का कसा बसला हे बघायचं तर लढायांपेक्षा किट, म्हणजे घरी जोडायच्या मॉडेल्सचे सुटे भाग, बनवणाऱ्यांचा इतिहास जास्त कामाला येतो, म्हणून इथे भरही त्यावरच आहे.

तशी लढाईची छोटी प्रतिकृती करायची हौस जुनीच. न्युरेंबर्गला कथलाचे चपटे सैनिक अठराव्या शतकापासून ओतले जायचे, 1838 मध्ये लंडनला वॉटर्लूच्या रणांगणाचं अवाढव्य मॉडेल लोकांना दाखवलं गेलं, त्यात 70 हजारांच्या वर इवलेसे सैनिक होते. पण ते सगळं मोकळं मैदान, सेनापतीसारखं वरून बघायचं. जिने, तळघरं, गल्लीबोळ हा त्यात विषयच नव्हता.

आता मुद्द्याचं, म्हणजे 1/35 हे स्केल, खऱ्या वस्तूच्या पस्तिसाव्या भागाएवढं मॉडेल. आज लष्करी डायोरामांमध्ये याच स्केलचं राज्य आहे आणि ते गणिताने ठरवलेलंच नाहीये. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला शिझुओकाच्या एका जपानी कंपनीने मोटरवर चालणारा जर्मन पँथर रणगाडा काढला, आत बॅटऱ्या मावायला हव्यात एवढ्याच हिशोबाने त्याचा आकार ठरला. तो तुफान चालला, मग पुढचे रणगाडेही त्याच मापात काढू म्हणून पँथर मोजून बघितला तर स्केल साधारण 1/35 निघालं. 1968 च्या सुमारास त्याच कंपनीने मोटरबिटर काढून नुसती मांडून ठेवायच्या मॉडेल्सची मालिका सुरू केली आणि ते माप कायमचं होऊन बसलं. त्याआधी इंग्लंडचे शिशाचे सैनिक 54 मिलिमीटरचे, म्हणजे साधारण 1/32, विमानांची किट 1/72 ला, आणि मॉडेल रेल्वेवाल्यांच्या मापावरून आलेलं 1/76 वेगळंच. यातलं कुठलंही सर्वमान्य होऊ शकलं असतं. 1/32 जिंकलं असतं तर जुने सैनिक आणि नवे रणगाडे एका बेसवर सुखाने नांदले असते असं म्हणणारे जुने मॉडेलर आजही भेटतात आणि त्यांचं म्हणणं अजिबात चुकीचं नाही.

हा वाद नुसता आकड्यांचा वाटतो, पण शहराच्या बाबतीत त्याचे परिणाम फार खोलवर गेलेत. 1/35 मध्ये माणूस 5 सेंटिमीटरचा होतो, चेहऱ्यावरचे भाव रंगवता येतात, कोटाची बटणं दिसतात. सोव्हिएत टी-34 रणगाडा 17 ते 19 सेंटिमीटरचा, हातात छान मावतो. पण घर? चार मजली इमारत 14-15 मीटर उंच धरली तर मॉडेल 40 सेंटिमीटरच्या वर जातं, आणि तिची रस्त्याकडची बाजू 30 मीटर असेल तर 86 सेंटिमीटर. समोर रस्ता, पलीकडे दुसरी इमारत असं काही करायचं म्हटलं तर घरातलं जेवणाचं टेबल गेलं. म्हणून घर कापलं गेलं, आधी मागच्या भिंती गेल्या, मग छप्पर, मग वरचे मजले, आणि उरला तो कोपरा. युद्धात शहरं उद्ध्वस्त झालीच होती, त्यामुळे कोणाला हे खटकलं नाही, पण तो कोपरा तसा पडलाय तो बॉम्बमुळे कमी आणि टेबलाच्या मापामुळे जास्त. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यात मावळा बुरुजापेक्षा उंच असतो आणि कोणी हरकत घेत नाही, इथे मात्र खिडकीची उंची अर्धा सेंटिमीटर चुकली तरी माणूस खुजा वाटायला लागतो.

1/72 मध्ये आख्खी गल्ली बसते, तिथे माणूस 2.4 सेंटिमीटरचा. माझ्या मते शहरी लढाई समजून घ्यायला तेच स्केल जास्त प्रामाणिक आहे, कारण त्यात अंतर दिसतं, की रस्ता ओलांडायला किती पावलं लागत होती आणि किती खिडक्यांमधून तो दिसत होता. पण स्पर्धांमध्ये बघणाऱ्याची नजर चेहऱ्यावर जाते, आणि बक्षीस 1/35 नेतं.

डायोरामाला गोष्ट सांगायची कला म्हणून मान मिळाला तो 1970 च्या दशकात. एका अमेरिकन किट कंपनीने रणगाड्यांच्या आणि विमानांच्या खोक्यात रंगीत पत्रकं टाकायला सुरुवात केली, शिकागोच्या एका मॉडेलरने त्या किटमधून केलेला डायोरामा आणि तो कसा केला याची कृती. पोरांनी विमानासाठी खोका उघडला आणि हातात ते पत्रक आलं, एक पिढीच्या पिढी त्यावर घडली. मग बेल्जियममधून एकाने कोरड्या ब्रशने कडा उजळायची आणि पातळ गडद रंग फटींमध्ये सोडायची पद्धत जगभर पोचवली, शिवाय प्लास्टर आणि रेझिनमध्ये ओतलेले तयार भग्नावशेष विकायला काढले. इथून पुढे कोपरा दुकानात मिळायला लागला. सोय झाली हे खरं, पण फ्रान्समधल्या खेड्यासाठी केलेली भिंत पोलंडमध्ये, रशियात, कुठेही उभी राहायला लागली, आणि वीट, चौकटी, वॉलपेपर हे त्या त्या शहराचं असतं हे मागे पडलं.

विटेचंच घ्या. त्या काळची जर्मन किंवा रशियन वीट 25 सेंटिमीटर लांब, 12 रुंद, साडेसहा जाड, म्हणजे 1/35 मध्ये 7 मिलिमीटर बाय साडेतीन बाय जेमतेम 2. पीओपीच्या पाटीवर या मापाने थर कोरायचे, दर थराला सांधा पुढे सरकवायचा, आणि तुटकी कड चाकूने कापायची नाही, हाताने मोडायची, कारण भिंत सांध्यातून सुटते, विटेच्या मधून क्वचितच. बाहेरची भिंत दीड-दोन विटा जाड असते, म्हणजे 11 ते 15 मिलिमीटर, आणि दुकानातल्या बऱ्याच भिंती याच्या निम्म्याही नसतात. सगळ्यात मोठी गोची ढिगाऱ्याची. वरून जेवढी भिंत नाहीशी झाली तेवढा माल खाली दिसायला हवा, दोन मजले गायब आणि खाली मूठभर चुरा असं कसं चालेल? खऱ्या स्टालिनग्राडमध्ये ढिगाऱ्यामुळेच रणगाडे अडले, जर्मन बॉम्बफेकीने जो मलबा पडला तोच पुढे बचाव करणाऱ्यांना आडोसा झाला. ढिगारा कमी दाखवला की लढाईचं कारणच नाहीसं होतं.

मग फोटो. 23 ऑगस्ट 1942 ला स्टालिनग्राडवर प्रचंड बॉम्बफेक झाली, मगरीभोवती फेर धरलेल्या मुलांच्या पुतळ्यांचं कारंजं आणि मागे जळणारं शहर हा फोटो सगळ्यांना माहीत आहे आणि ते कारंजं असंख्य डायोरामांमध्ये येऊन गेलंय. बर्लिनच्या राइशस्टागवरच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीवरच्या, सोव्हिएत झेंड्याचा फोटो तर 2 मे 1945 चा, लढाई आटोपल्यावर मांडून काढलेला, नंतर त्यात धूर वाढवला आणि एका सैनिकाच्या मनगटावरचं जास्तीचं घड्याळ खोडलं. तरी बर्लिनचा डायोरामा करणारे त्याच फोटोला पुरावा धरतात. उलट ओर्तोनात डिसेंबर 1943 मध्ये कॅनेडियन सैनिक रस्ता टाळून घरांमधल्या सामाईक भिंतींना भगदाडं पाडत एका घरातून दुसऱ्या घरात जात होते, सगळी झुंज आत, अंधारात. त्याचे फोटो कुठून असणार, म्हणून डायोरामाही मोजकेच.

सोव्हिएत संघात याची वेगळीच परंपरा होती, सरकारी आणि भव्य. व्होल्गोग्राडला (स्टालिनग्राडचंच नंतरचं नाव) 1982 मध्ये उघडलेल्या पॅनोरमाचा, म्हणजे बघणाऱ्याभोवती गोलाकार लावलेल्या लढाईच्या चित्राचा, कॅनव्हास 120 मीटर लांब आणि 16 मीटर उंच आहे, पुढे खऱ्या वस्तू मांडलेल्या, आणि शेजारी लाल विटांची गिरणी मुद्दाम तशीच पडकी ठेवलेली. पण घरी बसून करणाऱ्याला किटमध्ये बराच काळ जर्मनच जास्त मिळायचे, त्या जपानी मालिकेतला पहिला नंबरसुद्धा जर्मन रणगाडा-सैनिकांचा. त्यामुळे स्वतःचं शहर लढवणारा माणूस डायोरामात दुय्यम राहिला, आणि हे चांगलं झालं नाही. 1991 नंतर पूर्व युरोपातल्या कंपन्या आल्या तेव्हा रेड आर्मीचे सैनिक, ट्राम, रस्त्यावरचे दिवे, तिकडच्या पद्धतीची घरं असं सगळं मिळायला लागलं. त्यातली एक कीव्हची, पडक्या इमारतींच्या किटसाठी जगभर ओळखली जाणारी, आणि 24 फेब्रुवारी 2022 पासून तिच्याच शहरावर हल्ले होतायत.

राहता राहिले रहिवासी. स्टालिनग्राडच्या ज्या चार मजली घराने 58 दिवस टिकाव धरला, ज्याचे डायोरामा पायलीला पन्नास, त्याच्या तळघरात सामान्य माणसं अडकलेली होती, त्यात एक तान्ही मुलगीसुद्धा होती आणि ती वाचली. पोलंडमधल्या वॉर्सॉचा जर्मनांविरुद्धचा 1944 चा उठाव 63 दिवस चालला, त्यात दीड लाखाच्या वर नागरिक मेले. आधी सबब होती की 1/35 मध्ये साध्या माणसांच्या फिगर मिळत नाहीत. आता 1930-40 च्या काळातल्या बायका, म्हातारे, मुलं, सामान घेऊन निघालेली माणसं, सगळं खोक्यात मिळतं. तरी ती बहुतेक वेळा मुक्ततेच्या मिरवणुकीत फुलं देताना उभी केली जातात, आणि लढाईच्या बेसवर अजूनही गणवेशवालेच दिसतात.