सातवा नंबर आणि कोरी पाटी

"सातव्या नंबरनं फायनलला गेला, मागची तूट भरून काढून पदक आणलं गड्यानं!" कोल्हापुरात रंकाळ्यावर नेमबाज स्वप्निल कुसाळेचा विषय निघाला की हे ऐकू येतंच. कौतुक रास्त, हिशेब चुकीचा. पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून नेमबाजी) पात्रता फेरीत कांबळवाडीच्या या पोराचे गुण ५९०. ते पहिल्या आठांत येण्यापुरतेच. तिथं एका गोळीला १०.१ लागो की १०.९, गुण दहाच. फायनलला मात्र आठही जणांची पाटी कोरी आणि दशांशही मोजतात, ४५१.४ वर कांस्य आलं.

गैरसमज अगदीच हवेतला नाही म्हणा. २००८ ला बीजिंगमध्ये नेमबाज अभिनव बिंद्राच्या सुवर्णपदकाच्या ७००.५ गुणांमध्ये पात्रतेचे ५९६ धरलेले होते. ही बेरीज २०१३ पासून बंद झाली.