खुलासा: ‘ती’ प्रार्थना असिसीच्या संत फ्रान्सिस यांची नाही

‘हे प्रभो, मला तुझ्या शांतीचं साधन कर, जिथे द्वेष आहे तिथे मला प्रेम पेरू दे…’ ही प्रार्थना इटलीच्या उंब्रिया प्रांतातल्या असिसी या डोंगरउतारावरच्या गावाच्या संत फ्रान्सिस यांच्या नावावर वर्षानुवर्षं फिरते आहे. ती त्यांनी लिहिलेली नाही.

फ्रान्सिस वारले 1226 साली. त्यांच्या लेखनाच्या जुन्या हस्तलिखितांत ही प्रार्थना कुठेच नाही. ती पहिल्यांदा छापली गेली 1912 मध्ये, पॅरिसच्या ‘ला क्लोशेत’ या छोट्याशा धार्मिक मासिकात, तीही फ्रेंचमध्ये आणि लेखकाच्या नावाविना. 1916 मध्ये व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने ती इटालियनमध्ये दिली. मग कुणीतरी फ्रान्सिस यांच्या चित्राच्या मागच्या बाजूला ती छापली. पुढे चित्रातलं नाव प्रार्थनेला चिकटलं, ते कायमचंच.

खरे फ्रान्सिस वाचायचे असतील तर त्यांचं सृष्टीस्तोत्र वाचा. आयुष्याच्या अखेरच्या काळात, डोळे जवळजवळ गेलेले असताना त्यांनी ते लॅटिनमध्ये नव्हे, आपल्या उंब्रियाच्या बोलीत रचलं. सूर्याला ते भाऊ म्हणतात, चंद्राला आणि पाण्याला बहीण. शेवटी मृत्यूलाही बहीणच. असिसीतल्या 13व्या शतकातल्या हस्तलिखितात या स्तोत्रासाठी स्वरलेखनाची जागा राखलेली दिसते, पण स्वर कुणी भरलेच नाहीत. त्यामुळे त्याची चाल आपल्याला माहीत नाही, याची मला फार हळहळ वाटते.

ती शांतीची प्रार्थना सुंदर आहे, जरूर म्हणावी. फक्त खाली फ्रान्सिस यांचं नाव घालू नये.