गव्हावर गहू, आणि पुढे बॅच

कोल्हापुरात पिठाच्या गिरणीत डबा ठेवताना आजही सांगावं लागतं, "गव्हावरच टाका हं." ज्वारीवर गहू पडला की चपाती लाटताना तुटते, उपवासाची वरी गव्हावर दळली तर उपवासच मोडला. काय कशानंतर घ्यायचं याची शिस्त गिरणीत पहिल्यापासून आहे. कारखान्यात ती आली उशिरा, आणि वेगळ्याच वाटेने.

जुन्या कायद्याला या क्रमाशी देणंघेणं नव्हतं. १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्यात भर होता तो नमुना उचलून प्रयोगशाळेत पाठवण्यावर. तिकडे १९६० च्या दशकात अमेरिकेत अंतराळवीरांचं जेवण बनवणाऱ्यांना उमगलं, की खात्री होईल इतके नमुने तपासायचे तर बराचसा माल तपासणीतच संपतो. त्यातून तयार मालाऐवजी प्रक्रियेवर नजर ठेवायची पद्धत निघाली. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतल्या फराळ-चटणीच्या युनिटांत मात्र पुढे कित्येक वर्षं वेळापत्रक ठरवायची ऑर्डर, आणि लोडशेडिंगच्या काळात वीज. लाइट आहे तोवर चक्की उरकून घ्या, एवढंच नियोजन.

२००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. धुणं-पुसणं आणि त्याच्या नोंदी परवान्याशी बांधल्या गेल्या. नोंद ठेवायची तर बॅच कशाला म्हणायचं ते ठरवावं लागतं, आणि तिथे 'बॅच' या शब्दाचा घोळ उघडा पडला.

आचाऱ्याच्या लेखी बॅच म्हणजे घाणा, कढईत एकदा पडलं ते. पॅकिंगवाल्याच्या लेखी एका शिक्क्याखाली गेलं ते. मालकाच्या लेखी आजचा अख्खा दिवस. मूळ कल्पना अशी, की जवळपास सारख्याच परिस्थितीत तयार झालेला ठरावीक माल. २०१७ मध्ये माल परत मागवण्याचे नियम आले आणि या शब्दाला पैशाचं वजन आलं. दिवसाची एकच बॅच धरली, तर एका पाकिटापायी दिवसभराचा माल बाजारातून उचलावा लागतो. मग काहींनी घाण्यागणिक नंबर टाकायला सुरुवात केली. कागदावर झकास दिसतं. पण चौथ्या आणि पाचव्या घाण्याचं तेल तेच, झारा तोच, आणि कालचा शेवेचा चुरा दोन्हींच्या पिठात मळलेला. मला विचाराल तर एका धुण्यापासून पुढच्या धुण्यापर्यंत जे निघालं, ती बॅच. मालक लोक यावर हसतात: दिवाळीच्या तोंडावर दोन तास मशीन बंद ठेवून धुवत कोण बसणार? प्रश्न अगदीच चुकीचा नाही.

२०२० च्या लेबल नियमांनी गहू, दूध, शेंगदाणे, सोया अशा ॲलर्जीकारक घटकांचा उल्लेख सक्तीचा केला, तेव्हा क्रम टाळता येईना. ज्यात यातलं काही नाही ते आधी, म्हणजे बेसनाची साधी शेव, मग मैद्याची शंकरपाळी, शेवटी शेंगदाण्याचा चिवडा आणि मग तेल उतरवायचं. त्यातही गोम आहे. शंकरपाळीच्या तेलात तळलेल्या चिवड्यात गव्हाचा अंश येऊ शकतो, आणि ते पाकिटावर सांगायला हवं. तीळ आपल्या यादीत नाही, पण अमेरिकेत २०२३ पासून तो जाहीर करावा लागतो. कांदा-लसूण चटणीत तीळ हमखास असतो. निर्यातवाल्यांना त्यामुळे चटणी शेवटच्या नंबरावर ढकलावी लागली.

चटणीच्या चक्कीला तर पाणीही लावता येत नाही. ओल राहिली की बुरशी. तिथे धुणं म्हणजे पाच-दहा किलो मीठ फिरवायचं. लालभडक झालेलं ते मीठ फेकायला कुणाचा हात होत नाही, पुढच्या चटणीला मीठ लागतंच की! ते घमेलं बऱ्याचदा चक्कीशेजारीच झाकून ठेवलेलं दिसतं. त्यातलं मूठभर जरी पुढे गेलं, तरी दोन्ही बॅच एक झाल्या.