गनर ते कॅप्टन : मधल्या वाटेचा इतिहास

सातारा, नगर, कोल्हापूरकडच्या गावांत फौजी निवृत्त होऊन आला की उघड्या जीपमधून त्याची मिरवणूक निघते. हलगी कडाडते, गुलाल उडतो, बायका औक्षण करतात. वेशीवरच्या फ्लेक्सवर कधीकधी एक ओळ दिसते : ‘गनर ते कॅप्टन’. कॅप्टन म्हणजे मोठा साहेब, एवढं गावाला लगेच कळतं. पण मधल्या त्या ‘ते’साठी माणसाने उभी हयात घातलेली असते, आणि ती वाट खुली व्हायला त्याच्या आधी शंभर वर्षं गेलेली असतात. हे टिपण त्या ‘ते’विषयी आहे.

गनर म्हणजे तोफखान्यातला जवान. पायदळात शिपाई, इंजिनिअर्समध्ये सॅपर, तसा तोफखान्यात गनर. आपल्याकडे त्याला जुना शब्द आहे, गोलंदाज. आज तो क्रिकेटच्या मैदानावर गेला असला तरी मूळचा तोफेचाच. पेशवाईत तोफखाना सांभाळणारे सरदार पानसे होते. कंपनी सरकारने मुंबई इलाख्यात स्वतःचा देशी तोफखाना उभारला, तेव्हा ‘गोलंदाज’ हे नाव तसंच उचललं आणि पलटणीला लावलं. या गोलंदाज बटालियनची एक कंपनी 28 सप्टेंबर 1827 रोजी उभी राहिली. पुढे तीच 5 बॉम्बे माउंटन बॅटरी झाली. बॅटरी म्हणजे काही तोफांची तुकडी. भारतीय तोफखाना आजही 28 सप्टेंबरला ‘गनर्स डे’ साजरा करतो. म्हणजे साऱ्या देशाच्या तोफखान्याचा वाढदिवस मुंबई इलाख्यातल्या एका कंपनीचा आहे, आणि हे तोफखान्याचं केंद्र जिथे आहे त्या नाशिकच्या लोकांनाही अनेकदा ठाऊक नसतं.

मग 1857 आलं. उठावात सामील झालेल्या देशी गोलंदाजांनी तोफा किती सफाईने चालवल्या हे इंग्रजांनी दिल्लीच्या वेढ्यात स्वतः सोसलं. शिपायाच्या हातात बंदूक ठेवायला ते पुढेही तयार होते, तोफ ठेवायला मात्र नाही. फौजेची फेररचना सुचवायला नेमलेल्या पील आयोगाने तोफखाना मुख्यतः गोऱ्यांच्याच हाती असावा असं सांगितलं आणि देशी तोफखाना जवळजवळ सगळा मोडीत निघाला. उरल्या थोड्या डोंगरी बॅटऱ्या. त्यांची तोफ सुटी करून खेचरांच्या पाठीवर लादायची, चढ चढायचा आणि वर गेल्यावर पुन्हा जोडायची. सरहद्दीच्या डोंगरांत हे काम करायला माणसं लागत होती, म्हणून तेवढं दार किलकिलं राहिलं. बॉम्बे माउंटन बॅटरी टिकली ती यामुळेच.

या बॅटऱ्यांत हिंदी माणूस कुठवर चढू शकत होता? सुभेदारापर्यंत. जमादार, सुभेदार, सुभेदार मेजर यांना व्हाइसरॉयचं कमिशन, म्हणजे अधिकारपदाची सनद, असे आणि त्यांचा अधिकार फक्त हिंदी सैनिकांवर चाले. पंचवीस वर्षं तोफेशी काढलेल्या सुभेदाराने कालपरवा विलायतेहून उतरलेल्या वीस वर्षांच्या गोऱ्या लेफ्टनंटला सलाम ठोकायचा, हा नियम होता. सुभेदार हा शब्द आपल्या घराघरांत आजही मानाने उच्चारला जातो आणि तो त्या मानाचा आहेच. पण तिथून वर जायची शिडी ठेवलेलीच नव्हती, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितलं पाहिजे.

पहिल्या महायुद्धात हिंदी सैनिकांनी जीव ओतल्यावर 1917 मध्ये हिंदी लोकांना राजाचं कमिशन, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांसारखं पूर्ण अधिकारपद, देण्याचं ठरलं. विलायतेतल्या सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत वर्षाला दहा जागा ठेवल्या, त्याही पायदळ आणि घोडदळासाठी. तोफखान्याचे अधिकारी तिथल्याच वूलिचच्या अकादमीत तयार होत आणि तिथे आपल्याला प्रवेश नव्हता. हिंदी अधिकाऱ्यांचा प्रश्न तपासणाऱ्या स्कीन समितीच्या अहवालानंतर ती गाठ सुटली. 1932 मध्ये प्रेमसिंग ग्यानी तोफखान्यातले पहिले हिंदी अधिकारी झाले. हेच ग्यानी 1964 मध्ये सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले कमांडर होते. 15 जानेवारी 1935 रोजी बंगळुरूला ‘ए फील्ड ब्रिगेड’ उभी राहिली. 1857 नंतर प्रथमच हिंदी गनरच्या हाती मैदानी तोफ आली. मधे जवळपास पाऊणशे वर्षं गेली होती.

ग्यानी वूलिचमधून आले होते. खालून वर येणाऱ्या जवानाचं काय? याचं उत्तर डेहराडूनला आहे. 1932 मध्ये इंडियन मिलिटरी अकादमी सुरू झाली तेव्हा पहिल्या तुकडीत चाळीस जागा होत्या. पंधरा स्पर्धा परीक्षेतून, दहा संस्थानांच्या फौजांसाठी आणि पंधरा सैन्यातल्या जवानांसाठी. या तुकडीचं नाव निघालं की सगळे सॅम माणेकशांबद्दल बोलतात. मला मात्र त्या शेवटच्या पंधरा जागा फार मोलाच्या वाटतात. त्याच तुकडीत मोहम्मद मुसा होते. 1926 मध्ये साधे जवान म्हणून भरती झालेले मुसा पुढे पाकिस्तानचे सरसेनापती झाले. शिपायाचा सेनापती होऊ शकतो हे एकाच पिढीत दिसून आलं. अशा जवानांना आधी तयार करण्यासाठी 1929 मध्ये बुंदेलखंडातल्या नौगावला किचनर कॉलेज काढलेलं होतं.

तरी ही वाट अरुंदच होती, आणि किती अरुंद ते उमरावसिंग यांच्याकडे पाहिलं की कळतं.

उमरावसिंग हरियाणातल्या झज्जरजवळच्या पालडा गावचे. 1939 मध्ये ते तोफखान्यात भरती झाले आणि तीन वर्षांत हवालदार झाले. 15 डिसेंबर 1944 ला ते ब्रह्मदेशात कलादान खोऱ्यात एका डोंगरी तोफेचे कमांडर होते. जपान्यांनी दीड तास तोफा आणि मॉर्टरचा मारा केला आणि मग पायदळ अंगावर घातलं. हातबॉम्बने दोनदा जखमी होऊनही उमरावसिंग यांनी एकामागून एक हल्ले परतवले. शेवटच्या हल्ल्याच्या वेळी तोफेवर त्यांच्यासह मोजकीच माणसं लढण्याजोगी उरली होती आणि गोळ्या संपल्या होत्या. तेव्हा त्यांनी तोफ उचलायची लोखंडी पहार हातात घेतली आणि जपानी सैनिकांत घुसले. सहा तासांनी आपली माणसं पोहोचली, तेव्हा ते तोफेपाशी बेशुद्ध पडलेले होते, अंगावर सात खोल जखमा, आजूबाजूला दहा जपानी मरून पडलेले. तोफ शाबूत होती. त्याच दिवशी तिने पुन्हा गोळे डागले.

तोफखान्याला पायदळासारखं निशाण नसतं, तोफ हेच निशाण. नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरमध्ये पोरं कसम परेडला उभी राहतात तेव्हा समोर तोफा असतात त्या याचसाठी. उमरावसिंग यांनी त्या रात्री राखलं ते काय, हे प्रत्येक गनरला कुणी न सांगता समजतं.

व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते भारतीय तोफखान्यातले एकमेव वीर. राजाने स्वतः लंडनच्या राजवाड्यात त्यांच्या छातीवर पदक लावलं. आणि दर्जा? निवृत्त होताना ते सुभेदार मेजर होते आणि मानद कॅप्टन. इतका मोठा पराक्रमही त्यांना पूर्ण कमिशनच्या त्या दुसऱ्या शिडीवर नेऊ शकला नाही.

फ्लेक्सवरचा ‘कॅप्टन’ बहुतेक वेळा हा मानद कॅप्टनच असतो, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा. गनर, लान्स नाईक, नाईक, हवालदार इथवर बाहीवरच्या फिती वाढत जातात. नायब सुभेदार झाला की तो जेसीओ, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर. मग खांद्यावर तारे येतात, पण सोबत एक रंगीत पट्टी असते. आता सगळे त्याला ‘साब’ म्हणतात, राहणं-जेवण जेसीओ मेसमध्ये. अख्ख्या रेजिमेंटला सुभेदार मेजर एकच. जवानांच्या सुट्टीपासून घरच्या भांडणापर्यंत सगळं त्याच्यापुढे येतं आणि कमांडिंग ऑफिसर त्याच्याशी बोलताना मान राखूनच बोलतो. अशा निवडक जेसीओंना सेवेच्या शेवटी 26 जानेवारी किंवा 15 ऑगस्टला मानद लेफ्टनंट, मानद कॅप्टन केलं जातं. खांद्यावरची ती पट्टी निघते, नुसते तारे राहतात. साऱ्या नोकरीची ती पावती असते. तिला कमी लेखणाऱ्याने तीस वर्षं सियाचीन, राजस्थान, अरुणाचल करून पाहावं. पण त्या कमिशनबरोबर तुकडीची कमांड येत नाही, हा फरक खरा आहे.

पूर्ण कमिशन खालून मिळवणाऱ्यांत आपल्या भागातलं ठळक नाव तोफखान्याबाहेरचं आहे. कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे 1940 मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये साधे सॅपर म्हणून लागले. 15 डिसेंबर 1947 ला त्यांना कमिशन मिळालं आणि चारच महिन्यांत नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग काढत, रणगाड्यांना वाट करून देत त्यांनी परमवीरचक्र कमावलं. 1968 मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले.

ही वाट पुढे पुण्यातून गेली. 16 मे 1960 रोजी किचनर कॉलेजचंच नवं रूप, आर्मी कॅडेट कॉलेज, पुण्यात सुरू झालं. 1977 मध्ये ते डेहराडूनला हललं आणि मिलिटरी अकादमीचा भाग बनलं. आजही पद्धत तीच आहे. बारावी झालेला, किमान दोन वर्षं नोकरी केलेला, 20 ते 27 वयाचा जवान अर्ज करू शकतो. लेखी परीक्षा, मग एसएसबी म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत, मग वैद्यकीय. निवड झाली की तीन वर्षं कॉलेज, जेएनयूची पदवी आणि वर्षभर अकादमी. वय निघून गेलेल्या अनुभवी जवानांसाठी स्पेशल कमिशन्ड ऑफिसरसारखे वेगळे मार्गही आहेत.

एसएसबीत जवानाचं अडतं ते बहुधा इंग्रजीवर आणि सवयीवर. रिक्रूट असताना उस्ताद त्याला हुकूम ऐकायला शिकवतो. जुन्या पंचवीस पाउंडर तोफेवर सहा जणांची टोळी असे. तीन नंबरने नेम धरायचा, चार नंबरने गोळा भरायचा, ज्याने त्याने आपल्या नंबराचं काम डोळे मिटूनही चोख करायचं. तोफा बदलल्या, बोफोर्स आली, धनुष आली, शिस्त तीच राहिली. अशा पोराला एसएसबीत अचानक विचारतात, तू काय ठरवशील? ज्या बॅटरीत एखादा अधिकारी संध्याकाळी अशा पोरांना घेऊन बसतो, तिथून पोरं निघतात. गावाकडच्या भरती अकादम्यांत सकाळी सोळाशे मीटर धावून घेतात, तिथेच पोरांना या परीक्षेचं नाव आणि ही 27 वर्षांची अट सांगायला हवी. बहुतेकांना ती पहिल्यांदा कळते तेव्हा ते अठ्ठावीसचे झालेले असतात.