दार नुसतं लोटलेलं

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या न्यूअर्क शहरात पोलिसांना गाड्यांमधून उतरवून पायी गस्तीवर धाडण्यात आलं. काही वस्त्यांमध्ये पायी गस्त, काहींमध्ये नाही, आणि मग दोन्हींची तुलना. हिशेब मांडला तेव्हा गस्तीमुळे गुन्हे काही कमी झालेले नव्हते. गस्तीच्या वस्त्यांमधले लोक मात्र आपल्याकडे गुन्हे घटलेत असं सांगत होते. सांगण्यापुरतंच नव्हे, त्यांचं वागणंही बदललं होतं. दाराला कड्या लावून घरात बसून राहणं कमी झालं होतं. चोर होते तेवढेच, कड्या तेवढ्या सैल झाल्या होत्या.

‘आमच्याकडे दार उघडं टाकून गेलं तरी चालतं’ असं कुणी अभिमानाने म्हणतं, तेव्हा ऐकणारा मनात नोंद करतो की तिथे चोऱ्या होत नसणार. न्यूअर्कचा निकाल पाहिला की ही नोंद घाईची वाटते. मग उघडं दार नेमकं मोजतं काय?

हार्वर्डच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन तऱ्हेचे प्रश्न होते. एक नेहमीचा, पाहणीच्या प्रत्येक फॉर्मवर असणारा: बहुतेक माणसांवर विश्वास टाकता येतो असं तुम्हाला वाटतं का? दुसरे अगदी घरगुती. मित्राला पैसे किती वेळा उसने देता, वस्तू किती वेळा वापरायला देता, दार मुद्दाम कुलूप न लावता किती वेळा सोडता? नंतर त्यांना खऱ्या पैशांचा खेळ खेळायला लावला, ज्यात समोरच्याच्या भरवशावर पैसे सोपवायचे होते. ‘विश्वास वाटतो का’ या प्रश्नाच्या उत्तरावरून कोण किती सोपवेल याचा अंदाज फारसा लागेना. उसनवारीच्या आणि दाराच्या उत्तरांवरून मात्र लागला. गंमत अशी की ‘हो, विश्वास वाटतो’ म्हणणारे स्वतः जास्त विश्वासू निघाले, दुसऱ्यावर विश्वास टाकणारे निघालेच असं नाही. म्हणजे दाराची सवय वस्तीतल्या चोरांपेक्षा त्या माणसाबद्दलच जास्त बोलत होती.

भीती आणि गुन्हे या दोन आकड्यांची फारकत अनेक ठिकाणी दिसते. अमेरिकेत १९९१ साली नोंदलेले हिंसक गुन्हे दर लाख लोकांमागे साडेसातशेच्या आसपास होते. २०१९ पर्यंत ते जवळपास निम्म्यावर आले. त्याच काळात गॅलप या जनमत-चाचणी संस्थेच्या पाहण्यांमध्ये बहुतेक वर्षी बहुसंख्य लोक ‘देशात गुन्हे गेल्या वर्षीपेक्षा वाढलेत’ असंच म्हणत राहिले. तेच लोक स्वतःच्या भागाबद्दल विचारलं की बरेच नरम येतात. आपली गल्ली रोज डोळ्यांनी दिसते, देश बातम्यांमधून दिसतो. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये दाखवलं होतं की जी उदाहरणं पटकन आठवतात, ती आपल्याला वारंवार घडणारी वाटतात. दरोड्याची बातमी आठवते. आज रात्री लाखो दारांपाशी काहीच घडलं नाही, याची बातमी होत नाही.

‘भीती’ मोजायची कशी, इथेही गोम आहे. पाहण्यांमधला ठरलेला प्रश्न असा: अंधार पडल्यावर आपल्या भागात एकट्याने चालताना तुम्हाला कितपत सुरक्षित वाटतं? ज्याने अंधार पडल्यावर गेल्या दहा वर्षांत घर सोडलेलं नाही, तोही याचं उत्तर देतो. त्याऐवजी ‘गेल्या वर्षभरात किती वेळा खरंच भीती वाटली?’ असं विचारलं की वारंवार भ्यायलेली माणसं बरीच कमी निघतात. पहिला प्रश्न स्वभाव टिपतो, दुसरा प्रसंग.

आणि भिणारे कोण? बायका आणि म्हातारी माणसं जास्त भितात. रस्त्यावरच्या मारामारीला आणि हल्ल्याला जास्त बळी पडतात तरुण पुरुष. या विसंगतीला पूर्वी सरळ ‘अवाजवी भीती’ म्हणून मोकळे व्हायचे. मला ते कधीच पटलं नाही. ऐंशीच्या वयात कुणी नुसता धक्का दिला तरी खुब्याचं हाड मोडू शकतं. बायकांच्या बाबतीत तर कुठल्याही लहानशा गुन्ह्यामागे लैंगिक हल्ल्याची सावली उभी असते, हे संशोधकांनीही मांडलं आहे. घडण्याची शक्यता आणि घडलंच तर होणारं नुकसान यांचा गुणाकार माणूस मनात करत असतो, आणि त्यात तो अगदीच कच्चा नसतो. शिवाय जो जपून राहतो त्याच्यावर प्रसंगच कमी येतात.

भीती पेरणाऱ्या गोष्टींमध्ये फुटकी काच, कचरा, भिंतींवरची रंगरंगोटी यांचा मान मोठा. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात संशोधकांनी एक पाकीट पत्रपेटीच्या तोंडातून अर्धवट बाहेर लटकत ठेवलं. पाकिटाच्या खिडकीतून पाच युरोची नोट स्पष्ट दिसत होती. पेटी स्वच्छ असताना जवळून जाणाऱ्यांपैकी १३ टक्के लोकांनी ते लांबवलं. पेटीवर रेघोट्या मारल्या तेव्हा २७ टक्क्यांनी, आणि पेटीभोवती कचरा टाकला तेव्हा २५ टक्क्यांनी. हे लोक चोर नव्हते, वाटेने जाणारी साधी माणसं होती. कचरा त्यांना एवढंच सांगत होता की इथे कुणाचं लक्ष नाही. म्हणून अस्वच्छ गल्लीत आपला हात आपोआप कडीकडे जातो, यात तथ्य आहे. पण त्यात एक खोटही आहे. शिकागोत सॅम्पसन आणि रॉडनबुश या संशोधकांनी रस्त्यांची प्रत्यक्ष नोंद केली आणि रहिवाशांना किती बकालपणा ‘दिसतो’ हेही विचारलं (हा अभ्यास २००४ चा). लोकांना दिसणारा बकालपणा कचऱ्यापेक्षा तिथे कोण राहतं, किती कृष्णवर्णीय आणि किती गरीब, यावर जास्त अवलंबून होता. डोळ्यांना दिसलेला धोका कधी कधी मनातूनच आलेला असतो.

याच सॅम्पसन-रॉडनबुश जोडीने फेल्टन अर्ल्स यांच्यासह १९९७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात छापलेला अभ्यास मला या सगळ्या विषयाचा कणा वाटतो. शिकागोच्या ३४३ वस्त्या, ८,७८२ रहिवासी. गुन्ह्यांबद्दल विचारण्याआधी त्यांनी शेजाऱ्यांबद्दल विचारलं. पोरं शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी दिसली तर तुमच्याकडचं कुणी त्यांना हटकेल? कुणी भिंतीवर रंग फासत असेल तर? लहान पोर मोठ्यांना उलटून बोललं तर? घरासमोर मारामारी जुंपली तर? जवळचं अग्निशमन केंद्र बंद व्हायची वेळ आली तर लोक एकत्र येतील? सोबत शेजाऱ्यांच्या परस्परविश्वासाबद्दलचेही प्रश्न होते. जिथे ‘हो, नक्की’ अशी उत्तरं जास्त, तिथे हिंसा कमी होती. गरिबी, स्थलांतर वगैरेंचा फरक वजा केल्यावरही हे नातं टिकलं. यासाठी घट्ट मैत्री लागत नाही, हा भाग मला विशेष वाटतो. एकमेकांकडे जेवायला जाणं वेगळं, आणि अनोळखी माणूस शेजारच्या दाराशी घुटमळताना दिसला तर गॅलरीतून ‘कोण पाहिजे?’ असं विचारणं वेगळं. चोराला नको असतं ते हे दुसरं.

चोराचीही बाजू ऐकायला हवी. घरफोडी करणाऱ्यांच्या मुलाखती घेणारे संशोधक बरेच आहेत, आणि चोर जवळपास एकमुखाने सांगतात की पहिला प्रश्न कुलपाचा नसतो, घरात कुणी आहे का हा असतो. दिवा, आवाज, दारातली गाडी, कुत्रं. शंका असेल तर सरळ बेल वाजवायची. कुणी आलंच तर भलतंच नाव विचारून निघायचं. मग हँडल फिरवून पाहायचं. ते फिरलं तर पहार पिशवीतच राहते. १९७९ मध्ये कोहेन आणि फेल्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी या गोष्टीचं सूत्र केलं: चोरीची इच्छा असलेला माणूस, चोरण्याजोगी वस्तू आणि राखणदाराची गैरहजेरी, ही तीन एका वेळी एका जागी आली की चोरी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत दिवसा घरं रिकामी राहू लागली आणि घरातली किमती उपकरणं हलकी होत गेली. चोऱ्या वाढायला माणसं जास्त वाईट व्हावी लागली नाहीत.

राखणदार म्हणजे माणूसच असं नाही, कुलूपही त्यात मोडतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर घरफोड्या खूप घटल्या. त्याचं बरंच श्रेय काही संशोधक दारं-खिडक्यांच्या सुधारलेल्या कुलपांना देतात. साध्या वस्तू एकत्र आल्या की जास्त काम करतात असं त्यांना आढळलं: दाराचं दुहेरी कुलूप, खिडक्यांना कड्या, आतबाहेर दिवे. नुसत्या वाजणाऱ्या भोंग्याचा मात्र म्हणावा तसा उपयोग दिसला नाही. आता गंमत पाहा. कुलपांमुळे चोऱ्या घटतात, चोऱ्या घटल्या की कुलूप कशाला हवं असं वाटू लागतं. गोवर दिसेनासा झाला की लशीबद्दल वाटतं, तसंच. (मी स्वतः रात्री अंथरुणातून उठून कडी पुन्हा तपासणाऱ्यांपैकी आहे, तेव्हा या बाबतीत माझं मत थोडं कलतं धरावं.)

भीती आणि धोका यांची वेळ खरोखर जुळते ती चोरी झाल्यानंतर. एका घरी चोरी झाली की पुढचे काही आठवडे त्या घराला आणि आसपासच्या घरांना धोका वाढलेला असतो. बऱ्याचदा तोच चोर परततो, कारण वाट, दार आणि आतली मांडणी त्याला ठाऊक झालेली असते. हे ओळखायला संशोधकांनी वापरलेली गणिती पद्धत मुळात लहान मुलांमधल्या रक्ताच्या कर्करोगाचे पुंजके शोधण्यासाठी बनलेली होती. चोरीही साथीसारखी लागून-लागून जाते.

१९८० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वसाहतीत हेच हेरून काम झालं. तिथे अनेक घरांत नाणी टाकून चालणारे वीज-गॅसचे मीटर होते, म्हणजे घरात रोकड भरलेला डबाच. चोरी झालेल्या घरातले हे मीटर काढले, तिथलं दार आणि कुलूप पक्कं केलं, आणि त्या एका घराभोवतीच्या पाच-सहा घरांना सांगितलं की काही दिवस एवढ्या एका दारावर लक्ष ठेवा. सगळ्या वसाहतीवर पाळत ठेवा असं कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच घरात पुन्हा चोरी होणं काही महिन्यांत जवळजवळ थांबलं, आणि वसाहतीतल्या एकूण घरफोड्याही झपाट्याने घटल्या.