पावसाळ्यात गाडी रात्री का बोंबलते?

ठाण्याच्या घोडबंदर रोडलगतच्या सोसायटीत पावसाळी रात्री कुठलीतरी गाडी अचानक ठणाणा करू लागते. खिडक्यांतले दिवे लागतात, वॉचमन रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर शोधतो आणि मालकाचा फोन नेमका सायलेंटवर असतो. चोराचा मात्र पत्ता नसतो. अलार्म बिघडलाय, असं सगळेच म्हणतात, पण बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो. 'बॉनेट उघडलं' किंवा 'गाडीला धक्का बसला' अशी वर्दी कुठल्यातरी सेन्सरने दिलेली असते आणि कंट्रोल युनिट ती खरी मानतं. खोटी वर्दी कोण देतंय, तेवढं शोधायचं असतं.

पण आधी आवाज थांबवायला हवा. रिमोटचं अनलॉक बटण दाबा. त्याने थांबलं नाही, तर किल्लीने दार उघडून इग्निशन ऑन करा. कंपनीचा अलार्म असेल तर एवढ्याने तो सहसा गप्प होतो. बटणस्टार्ट गाडीच्या रिमोटचा सेल मेला असेल, तर बऱ्याच मॉडेलांत रिमोट गाडीच्या स्टार्टच्या बटणाला टेकवून ब्रेक दाबला की गाडी त्याला ओळखते. तरीही ओरडणं चालूच राहिलं, तर बॉनेट उघडून १० नंबरच्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. पॉझिटिव्हला आधी हात लावू नका, कारण पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. काही सायरनना आत स्वतःची छोटी बॅटरी असते. असा सायरन टर्मिनल काढताच उलट जोरात सुरू होतो, कारण वायर कापणाऱ्या चोरासाठीच ती सोय केलेली असते. त्याच्या अंगावर छोटं कुलूप आणि त्याची वेगळी किल्ली असते. ती किल्ली बहुधा गाडी घेताना मिळालेल्या कागदांच्या पिशवीत पडलेली सापडते.

हा आवाज किती मोठा असतो? एक मीटरवर ११० डेसिबल देणारा सायरन मोकळ्यावर धरला, तर अंतर दुप्पट झालं की पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. म्हणजे १६ मीटरवर, साधारण चौथ्या-पाचव्या मजल्याच्या खिडकीत, ती ८६ असते. बॉनेटमुळे ती थोडी कमी होईल, पण पोडियम पार्किंगच्या सिमेंटच्या छताखाली आवाज आपटून घुमतो आणि अंतराने तेवढा उतरतही नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल आहे. डेसिबलचं माप लॉगरिदमचं, म्हणजे दर १० डेसिबलला ध्वनिऊर्जा दहापट होते, त्यामुळे ४१ डेसिबलचा फरक म्हणजे ध्वनिऊर्जा दहा हजार पटींहून जास्त.

आता खोटी वर्दी देणारा शोधू. पावसाळ्यात पहिला संशय बॉनेटच्या स्विचवर घ्यावा. कंपनीचा नसलेल्या, बाहेरून बसवून घेतलेल्या अलार्मचा हा स्विच म्हणजे बॉनेटच्या कडेखाली उभी, स्प्रिंगवरची छोटी पिन. बॉनेट बंद असताना ती दाबलेली असते आणि सर्किट तुटलेलं राहतं. बॉनेट उघडलं की पिन वर येते, वायर बॉडीला म्हणजे अर्थला जोडली जाते आणि सायरन वाजतो. बिघाड तीन तऱ्हेचे होतात. पाणी वायपरच्या खालच्या खाचेतून झिरपून पिनेवर उतरतं. पावसाचं पाणी तसं वीज फारसं वाहून नेत नाही, पण गंज, धूळ आणि खाडीकाठचा खारा दमटपणा त्यात मिसळला की वायर आणि अर्थ यांच्यात पुरेशी गळती होते. अलार्मला ते बॉनेट उघडल्यासारखंच दिसतं. दुसरं, बॉनेटखालची रबरी बटणं वर्षानुवर्षांच्या दाबाने चपटी होतात किंवा गळून पडतात, मग बॉनेट टेकल्यावर पिन कुठे कमी दाबली जाते, कुठे हलत राहते. तिसरं, पिनची उंची मुळातच चुकीची असते.

तपासणी सोपी आहे. एकाच वायरची पिन असेल, तर वायर स्विचवरून ओढून काढा, टोकाला टेप गुंडाळा आणि रात्रभर गाडी लॉक ठेवा. रात्र शांत गेली तर चोर सापडला. मग स्विच साफ करत बसू नका, नवीनच घाला. तो स्वस्त असतो आणि गंजलेली पिन साफ केली तरी महिन्याभरात पुन्हा तीच तक्रार येते. जोड पिळून टेप लावलेला असेल, तर सोल्डर करून वर हीटश्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आकसणारी नळी) चढवा. पावसाळ्यात टेपचा गोंद सुटतो आणि निम्म्या तक्रारी तिथूनच निघतात, असं मला तरी वाटतं. कंपनीच्या अलार्मचा स्विच मात्र बहुधा बॉनेटच्या लॅचमध्येच (बॉनेट अडकवणाऱ्या कडीत) असतो आणि त्याला दोन वायरी असतात. तिथे वायर काढून प्रयोग करू नका. स्कॅनर (गाडीच्या कंट्रोल युनिटची माहिती वाचणारं यंत्र) लावून बॉनेट 'उघडं' दिसतंय की 'बंद', ते वर्कशॉपमध्ये पाहून घ्या.

दुसरा संशयित शॉक सेन्सर. त्यात पिझो चकती असते. तिला ताण पडला की व्होल्टेज तयार होतं आणि ते ठरावीक पातळीच्या वर गेलं की अलार्म सुरू होतो. काहींमध्ये दोन पातळ्या असतात, हलक्या धक्क्याला नुसती चिर्प (छोटी टिवटिव) आणि जोराच्या धक्क्याला पूर्ण सायरन. ठाणे-बेलापूर रोडवरचे ट्रेलर, ढगांचा गडगडाट, दिवाळीतले सुतळी बॉम्ब, बुलेटचा सायलेन्सर, बॉनेटवर उडी मारणारं मांजर, या सगळ्यांचा कमी वारंवारतेचा हादरा गाडीच्या पत्र्याला हलवतो. वाऱ्यात फडफडणारं गाडीचं कव्हरही हेच करतं.

संवेदनशीलता कमी करायला सेन्सरवर एक बारीक स्क्रू असतो. तो एका वेळी पाव फेराच फिरवा. मग गाडी लॉक करून मिनिटभर थांबा, कारण बरेच अलार्म लगेच जागे होत नाहीत. टायरवर मूठ आपटल्यावर तो वाजू नये, दाराच्या खांबावर मूठ जोरात आपटल्यावर वाजावा. त्याआधी सेन्सर घट्ट आहे ना, ते बघा. डॅशबोर्डखाली वायरीच्या जुडग्याला लटकत सोडलेला सेन्सर हादरा वाढवून सांगतो, मग स्क्रू कितीही फिरवा, उपयोग होत नाही. डॅशबोर्डमागच्या लोखंडी पट्टीला तो पक्का बांधावा लागतो.

अल्ट्रासोनिक सेन्सर थोड्याच गाड्यांत असतो. सुमारे ४० किलोहर्ट्झच्या, आपल्याला ऐकू न येणाऱ्या लहरी सोडून तो परतणाऱ्या लहरींतला बदल टिपतो. काच इंचभर उघडी राहिली, किंवा आरशाला लटकवलेला गणपती डुलला, तरी तो बदल होतो.

बॅटरीची गोष्ट वेगळी. गणपतीला गाडी इथे ठेवून कोकणात रेल्वेने गेलात, तर उभी गाडीही वीज खात राहते. ५० मिलीअँपिअर हा निरोगी गाडीचा वरचा आकडा धरला, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात. १२ दिवसांत ते १४ पेक्षा जास्त भरतात, म्हणजे ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा चाळीस टक्के भाग. जुनी बॅटरी असेल तर व्होल्टेज इतकं उतरतं की काही अलार्म ते वायर तोडल्याची खूण समजतात. गाडी काही तास उभी राहिल्यावर मोजा: १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. सेल मारताना, म्हणजे इंजिन सुरू करताना, ९.६ च्या खाली उतरली, तर बॅटरी बदलण्याच्या वाटेवर आहे.

गळती मोजायची असेल, तर मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावून निगेटिव्ह टर्मिनल आणि केबल यांच्या मध्ये जोडा. बॉनेट उघडं असेल, म्हणून लॅच स्क्रू ड्रायव्हरने बंद करून फसवा (नंतर उघडायला विसरू नका), गाडी लॉक करा आणि किमान अर्धा तास थांबा, कारण गाडीतली इलेक्ट्रॉनिक युनिटं झोपायला वेळ घेतात. त्याआधी दिसणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. मीटर जोडलेला असताना सेल मारलात, तर मीटरचा फ्यूज गेलाच.

या सगळ्यानंतरही गाडी ओरडतच राहिली, तर सायरनचा प्लग काढून ठेवायला हरकत नाही (आत स्वतःची बॅटरी असलेला सायरन आधी त्याच्या किल्लीने बंद करा). इमोबिलायझर हा वेगळा भाग आहे. किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणं हे त्याचं काम, आणि इमोबिलायझर कंपनीनेच बसवलेला असेल, तर ते सायरनशिवायही चालूच राहतं. बाहेरून बसवलेल्या अलार्मने मात्र काही वेळा इग्निशनची वायर स्वतःतून नेलेली असते. तिथे सायरनपलीकडची कुठलीही वायर काढण्याआधी ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा, नाहीतर सकाळी गाडीच सुरू होणार नाही.